पडद्यावरचे हिरवे ठिपके

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढतं त्या एंडोमेट्रिओसिसच्या पेशींवर एक प्रथिन जास्त असतं, तुमच्या लॅबचा रंग त्यालाच चिकटतो आणि ऑपरेशनच्या कॅमेऱ्यात आजार हिरवा चमकतो, एवढं मला कळलं. मी चाचणीत यायला तयार आहे. मोठ्या डॉक्टरांनी माझं पोट उघडून, आत काहीच नाही, हिचे लाड कमी करा, असं ह्यांना सांगितलं. तेव्हापासून मी कळांनी वाकले तरी ह्यांना ते नाटक वाटतं.

माझी एकच अट आहे. ऑपरेशन सभागृहात पडद्यावर दाखवाल तेव्हा तेच म्हातारबुवा डॉक्टर पहिल्या रांगेत हवेत. पोट कुणाचं ते आधी सांगायचं नाही. नंतर सांगायला माझी लेखी परवानगी आहे.

लोभ ठेव, माझा राग तर आहेच.
तुझी डूख धरून बसलेली,
चिमी

दि. १९ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

भूल उतरताना तू मला यथेच्छ शिव्या दिल्यास, म्हणजे प्रकृती उत्तम आहे. तुझ्या नवऱ्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

साध्या उजेडात सगळं गुळगुळीत दिसत होतं. उजेड बदलला आणि आतड्यामागे हिरवे ठिपके उमटले. आमच्या सर्जनबाईंनी एकेक काढला. बहीण म्हणून उद्या कुणी बोट दाखवायला नको, म्हणून तुकड्यांना मी हात लावला नाही. सहकाऱ्याने तपासले; सगळे आजाराचेच निघाले.

म्हातारबुवा रंगात आले होते. विद्यार्थ्यांना म्हणाले, जुने व्रण पाहा, हे पोट आधी कुणीतरी उघडलंय, त्या माणसाने पुन्हा हातात चाकू धरू नये. सभागृह हसलं. मग मी माईक घेऊन त्या माणसाचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा खाडकन उतरला. मला लाज वाटायला हवी होती, पण फार बरं वाटलं.

टाके ओले करू नकोस. लोभ दुप्पट आहे.
तुझी,
ताई

दि. २६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल म्हातारबुवांचा माफी मागायला फोन आला. मी सांगितलं, फोनवर नको. ज्यांच्यासमोर मला खोटं पाडलंत, त्यांच्यासमोर येऊन बोला. रविवारी येताहेत.

हे म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाला घरी बोलावून कशाला लाजवतेस, झालं गेलं सोडून दे. मी म्हटलं, तुम्ही फक्त समोर बसून नीट ऐका. त्यांचं झालं की तुमची पाळी आहे.

लोभ असाच पाठीशी राहू दे.
तुझी,
चिमी