चहा नको, कांडी दे

नागपूर,
१९ फेब्रुवारी १९८४

प्रिय सुमती,

पास झाले वं! बारा बायांमध्ये पहिली! मनानं खचलेल्यांचं ऐकून घ्यायला, त्यांना धीर द्यायला आता दवाखान्यातर्फे मी विणकरांच्या वस्तीत जाणार. समुपदेशक म्हणतात त्याला. शब्द तोंडात बसायलाच मला तीन दिवस लागले. तिकडे कामठीत तू हसत असशील, पण आधी सगळं ऐक.

परीक्षेसाठी प्रत्येकीला एक घर दिलं होतं. माझ्या वाट्याला भागीरथा आली. तिचं तान्हं मूल झोपेत गेलं, तेव्हापासून सहा महिने तिच्या तोंडून शब्द नव्हता. महिनाभरात बोलली नाही तर तिला वेड्यांच्या दवाखान्यात कायमची ठेवायची, असं सासूनं ठरवलेलं.

मी आपली कडक इस्त्रीची साडी नेसून, फॉर्म घेऊन गेले. आमच्या शिकवणाऱ्या इंदुताईंनी सांगितलं होतं तशी समोर बसले, डोळ्यांत पाहून विचारलं. ती उठली न् चहा करून आणला. दुसऱ्यांदा गेले, पुन्हा चहा. तिसऱ्यांदा चहा न् वर पोहे! घरी येऊन रडले मी. मग लक्षात आलं न् स्वतःचीच लाज वाटली. अवं, मागाच्या घरी सुताची एक कांडीही न भरता जी नुसती बसते ती पाहुणी, आणि पाहुणीपुढे कोणी घरचं दुःख काढते का? कोष्ट्याची पोर असून मी हे विसरले! चार महिन्यांच्या शिक्षणानं एवढी शहाणी झाले होते.

चौथ्यांदा जुनं लुगडं नेसून गेले, फॉर्म घरीच. चहा नको म्हटलं न् सरळ चरख्यापाशी बसून कांड्या भरायला लागले. सवय मोडलेली, सूत सारखं तुटे. भागीरथा बघत राहिली, आणि एकदम माझ्या हातातून धागा ओढून म्हणाली, काहून वं, एवढंही येत नाही तुले? सहा महिन्यांतला पहिला शब्द, न् तोही मला रागावण्याचा! नाचावंसं वाटलं मला. पण कांड्याच भरत राहिले, रोज जात राहिले. आठव्या दिवशी कांडी भरता भरता तिनं सांगितलं की, तूच झोपेत पोराले अंगाखाली घेतलं, असं सासू म्हणाली होती. सासू तिथंच मागावर होती. ती उठून आली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. दवाखान्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

कोरा फॉर्म पाहून इंदुताई भडकल्या. मी त्यांनाच भागीरथाकडे नेलं. तिनं त्यांनाही चरख्यावर बसवलं, तर ताईंना धागा धरताही येईना! दुसऱ्या दिवशी निकाल लागला.

हे तुला कोणी शिकवलं, असं ताईंनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. माझी पोर गेली त्या साली दोन महिने तू रोज येऊन माझ्या घरी गहू निवडत बसायचीस, एकदाही काही विचारलं नाहीस. त्या दुपारी मी घागर न घेताच विहिरीवर गेले, तेव्हा मागोमाग येऊन, चल, पोळ्या करायच्या आहेत, एवढंच म्हणालीस न् हात धरून घरी आणलंस. तेरा वर्षं मी यावर बोलले नाही. आज बोलते. तू मला वाचवलंस, सुमती. एक मार्चला पंधरा नव्या बाया शिकायला येताहेत, आणि पहिला वर्ग तूच घ्यायचा, असं ताईंनी ठरवलं आहे. मी चौथी नापास, मले काय येते, असं म्हणशील. म्हण खुशाल, पण ये. पहिल्या बाकावर मी बसणार आहे.

तुझ्यामुळे असलेली, तुझीच,
कौशल्या