कागदावरचा रॉकेलचा डाग

अप्पा, काल फुलंब्रीच्या अलीकडं माझी गाडी आचके देत बंद पडली आणि मला तुम्ही आठवलात. चांगले नाही आठवलात. गॅरेजवाल्यानं मशीन जोडलं, पेट्रोल कुठं भरलं ते विचारलंसुद्धा नाही आणि सगळा दोष माझ्या चालवण्यावर टाकून मोकळा झाला. त्याचं ते गुळगुळीत बोलणं ऐकून मला शिसारी आली, कारण तो सूर मी औरंगपुऱ्यात, आपल्याच गॅरेजात ऐकलेला आहे.

गाडीचं दुखणं ओळखण्यात तुमचा हात धरणारा कुणी नव्हता. सकाळी सुरू व्हायला कुरकुरते का, चढावर दम सोडते का, एवढंच विचारायचात आणि प्लग काढून त्यावरची काजळी बघायचात. पेट्रोलचा संशय आला की पांढऱ्या कागदावर चार थेंब. उडून गेले तर माल असली, तेलकट डाग राहिला तर रॉकेल. मी कॉलेजात असताना हे तुम्हीच मला शिकवलंत. केवढा अभिमान होता मला त्याचा!

मग ती दुपार. सिल्लोडच्या डॉक्टरांची अँबॅसिडर महिन्यात तिसऱ्यांदा येते. कागद उन्हात मीच धरते. डाग राहतो, चांगला रुपयाएवढा. तुम्ही तो बघता, कागद चुरगाळून खिशात घालता आणि डॉक्टरांना सांगता, "टाकीत पानी गेलंय. झाकन नीट लावलं नसंल ड्रायव्हरनं." पेट्रोल ज्या पंपावरचं, त्या पंपवाल्याच्या मुलाशी माझी सोयरीक ठरत आली होती. सुपारी तेवढी फुटायची राहिली होती.

ड्रायव्हर म्हातारा होता. हात जोडून म्हणाला, "उस्ताद, मी झाकन उघडं ठेवत नाय. तुमी तरी खरं बोला."

"मी काय टाकीत बसलो व्हतो?" तुम्ही म्हणालात, आणि वर हसलात.

डॉक्टरांनी तिथंच त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. पंधरा वर्षांची नोकरी गेली आणि तो पायीच स्टँडकडं निघाला. त्या दिवशी तुम्ही साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन जेवायला बसलात, भाकरी मागून घेतलीत, आणि मला तुमच्या ताटाकडं बघवेना. ती किळस अजून गेलेली नाही. तुम्ही शेवटचे आजारी होतात तेव्हा तुमचे पाय चेपतानासुद्धा ती होती.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, यांना तर नाहीच; पंप यांच्याच वडिलांचा. पण तुम्ही आत वळलात तेव्हा तो म्हातारा माझ्याकडंही आला होता, हे तुम्हाला ठाऊक नाही. "ताई, तुमी बघितला ना डाग?" मी म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही." तुम्ही मला गप्प राहायला सांगितलं नव्हतं, अप्पा. मला ते लग्न हवं होतं.