खिशातला व्हॉल्व्ह

शनिवार संध्याकाळ, पनवेल

वाणिज्यमंत्री झाल्यावर आज पहिल्यांदाच माझ्या कारखान्यात गेलो. माझ्या कसला! शपथ घेण्याआधीच सगळं पुतण्याच्या हाती सोपवलं. तरी पितळी व्हॉल्व्ह तयार होताना दिसले आणि एक उचलून अंगठ्यानं आटे तपासले. जुनी सवय. बोलता बोलता तो खिशात कधी गेला, कळलंच नाही.

फाटकावर जासईचे दामूकाका, पहिल्या दिवसापासूनचे वॉचमन.

"साहेब, खिशात काय हाय?"

पुतण्या ओशाळला. "दामूकाका, मंत्री आहेत ते. जाऊ द्या ना!"

"गेटपास नाय तर माल भायेर जात नाय. नियम साहेबांचाच हाय."

राग आला, खोटं कशाला लिहू? सगळ्या पोलिसांदेखत मंत्र्याचा खिसा तपासायचा? पण व्हॉल्व्ह माझा होताच कुठे? काढून त्यांच्या हातावर ठेवला. मग कुठे त्यांनी सलाम ठोकला, तोही कडक.

दिल्लीत मला असं विचारणारं कोणी ठेवलंय का मी?

गाडीत बसल्यावर हात पुन्हा खिशाकडे गेला. रिकामा होता. केवढं बरं वाटलं!