काकडी, नळ आणि दातांचे डॉक्टर

१४ मार्च

प्रिय दादा, वहिनी आणि ताटात काकडी नसली तर जेवण झालंच नाही असं मानणाऱ्या घरातल्या तमाम मंडळींनो,

सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात.

परदेशात पाऊल ठेवताच आपल्यावर अन्याय झाला. टूर मॅनेजरने फर्मान काढलं, कच्चं काही खायचं नाही. रोज नुसतं उकडलेलं. मग मी नाश्त्याच्या वेळी उभी राहिले आणि बोललेच. भिऊन उपाशी राहू नका, समजून खा. सोलता येतं ते स्वतः सोलून खा. सॅलडची पानं सोलता येत नाहीत, ती सोडा. टाळ्या पडल्या. तिथेच मी बाजारातल्या काकड्या सोलल्या आणि घरच्या सवयीने नळाखाली धरून ताटात मांडल्या.

आमच्या गटातल्या दातांच्या डॉक्टरांनी ताट स्वतःकडे ओढलं. "बाई, भाषण उत्तम. पण ज्या नळाचं पाणी आपण पीत नाही, त्याच्याखाली तुम्ही काकडीला आंघोळ घातलीत."

सगळे हसले. दादा, भर सभेत मला कुणी गप्प केल्याचं तुला आठवतं? दिवसभर मी त्यांच्यावर फुगून होते. दुसऱ्या सकाळी ते उकळून गार केलेलं पाणी घेऊन आले. साबणाने हात धुतले, त्या पाण्याने सुरी आणि सालीसकट काकडी धुतली, मग सोलून पहिली फोड मला दिली. साल फार जाड काढता, असं मी सुनावलं. उद्या पातळ काढतो, म्हणाले.

आता रोज ते सोलतात, मी बोलते. कुणाचंही पोट बिघडलेलं नाही.

ते विधुर आहेत, आपल्याच शहरात राहतात, हे आपलं सहज लिहिते.

नाही, सहज नाही. गेल्या वर्षी मावशीने माझ्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा तू वर्तमानपत्र तोंडासमोर धरलंस. भरल्या मैदानात बोलणारी मी, त्या कागदापुढे माझी जीभ रेटत नाही. म्हणून हे लिहिते आहे. त्यांनी विचारलंय. मला हो म्हणायचंय, पण तू पाठीशी असताना.

त्यांचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. आम्ही परतल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी त्यांना जेवायला बोलाव. वहिनीला करायला सांगू नकोस, फोन तूच कर.

तुझ्या उत्तरासाठी आयुष्यात प्रथमच गप्प बसलेली,
धाकटी