घाणीचं वजन

१ मार्च, रविवार, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. माणूस वर चढला की मागचं विसरतो म्हणतात, म्हणून चढायच्या आधीच लिहून ठेवलेलं बरं. आमचे फोरमन ३१ तारखेला रिटायर होतात. वॉशिंग सेक्शनला नवा फोरमन लागणार. सेक्शनमध्ये डिप्लोमावाला एकच आहे. नाव लिहीत नाही, डायरी त्याचीच आहे.
संकल्प: रोज लिहिणे. रागावर ताबा. फोरमन होणे. फ्रिज हलवणे. (शेवटचा हिचा आहे. फ्रिजखालून वास येतो म्हणते. मला येत नाही.)

४ मार्च
दोन दिवस लिहिलं नाही. काम फार. फ्रिजही त्यामुळेच राहिला.
आमच्याकडे मोठमोठ्या गिअरबॉक्सच्या लोखंडी पेट्या दुरुस्तीला येतात. दुरुस्तीआधी त्या धुवाव्या लागतात. आत वर्षानुवर्षांचा तेलाचा चिखल असतो, तोही कानाकोपऱ्यात. म्हणून पेटी उचलायची, एका कुशीवर तिरकी करायची, गरम पाण्याचा फवारा, मग दुसऱ्या कुशीवर, पुन्हा फवारा. दोन-तीन टनांच्या बाळाची अंघोळ.
हे काम सध्या काका करतात. फिटर आहेत. वय त्रेपन्न, शिक्षण सातवी, डाव्या हाताला बोटं तीन. त्यांची पद्धत अशी: क्रेनने एक बाजू वीतभर उचलायची, खाली लाकडाची पाचर सारायची, थांबायचं, बघायचं. पुन्हा वीतभर, पुन्हा पाचर. एका पेटीला अर्धा दिवस! मधे चारदा नुसतेच उभे राहून लोखंडाकडे बघतात. काय बघता विचारलं तर म्हणाले, ते कुठे जायचं म्हणतंय ते बघतो. लोखंड यांना विचारून जातं.
फोरमनसाठी दुसरं नाव यांचं आहे असं आज कळलं. कॅंटीनमध्ये एकटाच हसलो. दोघांनी वळून पाहिलं.

५ मार्च, सकाळी ६.३०
सुचलं! अंघोळ करताना सुचलं, बादली तिरकी करताना.
टिल्टिंग टेबल. लोखंडी टेबल, मधोमध आडवा दांडा, बाजूला हाताने फिरवायचं चाक. पेटी टेबलावर बांधली, चाक फिरवलं की हवी तेवढी तिरकी. पाचर नको, बघत उभं राहणं नको, काका नकोत.
दुपारी मॅनेजरसाहेबांना सांगितलं. ते फोनवर होते, पण मान हलवली. मंजुरी समजून स्टोअरमधून लोखंड काढलं.

९ मार्च
ड्रॉइंग तयार. भिंतीवर लावलं. लोकांनी जमून बघितलं. मला सेक्शनमध्ये सगळे ‘थिअरी’ म्हणतात. आदर असा लपत नाही.
काकांनी ड्रॉइंगकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, यात घाणीचं वजन धरलंय का? काय बोलावं! पेटीचं वजन कॅटलॉगमध्ये छापलेलं असतं. घाणीचं वजन कुठल्या कॅटलॉगात असतं ते त्यांनी दाखवावं, असं सगळ्यांसमोर म्हटलं. ते पाचर उचलून कामाला लागले. हरले.
घरी हिने पुन्हा फ्रिजचा विषय काढला. समजावून सांगितलं की जड वस्तू तिरकी करण्यामागे गुरुत्वमध्याचं शास्त्र असतं, ते असं घाईत होत नाही. रविवारी शांतपणे करू. ती बरं म्हणाली. पटलं तिला.

१२ मार्च
माझं मशीन डिझाइनचं जाड पुस्तक सापडत नाही. घरात शोधलं, कामावर शोधलं. कोणी नेलं असेल हे उघड आहे. ज्याला सातवीनंतर पुस्तकाची गरज एकदम भासू लागली आहे, त्याने. पुरावा नाही, म्हणून बोललो नाही. काकांवर नजर ठेवणे.

१५ मार्च, रविवार
फ्रिजखालचा वास बंद! मी म्हटलंच होतं, काही गोष्टींना हात न लावणं हाच उपाय असतो. सुंठीवाचून खोकला गेला. हिला म्हटलं, बघ. तिने बघितलं. मुलगी (सहावीत आहे) उगाच हसत बसली. या वयात हसतात.

१७ मार्च
टेबल तयार. निळा रंग दिला. लॉकसाठी दोन पिना होत्या. दुसरी पुढच्या बाजूला फार ओबडधोबड दिसत होती, काढून टाकली. एक भक्कम पीन पुरे.
ट्रायल घेतली. काकांनी सकाळीच धुतलेलं एक रिकामं झाकण टेबलावर चढवलं, चाक फिरवलं. लोण्यासारखं फिरलं! एका बोटाने. दहा बोटांचा माणूस एका बोटाने काम करतो आणि आठ बोटांचा अर्धा दिवस घेतो, यातच सगळं आलं. (हे वाक्य भाषणात घ्यायचं नाही. मोह होईल.)
साहेबांनी सांगितलं की २४ तारखेला सर्वांत मोठी पेटी येतेय, तिचे मालकही बघायला येणार आहेत, तुमचं टेबल दाखवाच. शेवटी म्हणाले, काकांना जवळ ठेवा. फोटोसाठी म्हणाले असतील.

२२ मार्च, रविवार
भाषणाची तयारी, आरशासमोर. सुरुवात जमली, शेवट जमला, मधे वेळ फार जातो.
हिने विचारलं, त्या टेबलापाशी उभं कोण राहणार? म्हटलं, अर्थात मी. म्हणाली, अहो, जपून. बायकांना यंत्राची भीती असतेच.

२३ मार्च, संध्याकाळी ६
पेटी आली. केवढी! कॅटलॉगप्रमाणे २८०० किलो. क्रेनने उतरवली तेव्हा वरच्या ताईंनी (क्रेन चालवतात, दिवसभर वर केबिनमध्ये बसून खालच्यांना शहाणपण शिकवतात, उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते इथे येऊन पाहावं) ओरडून सांगितलं की क्रेनचा काटा ३४०० दाखवतोय. साधी गोष्ट आहे, काटा बिघडला. लगेच मेंटेनन्सला लेखी तक्रार दिली. मी नसतो तर हा काटा असाच चालू राहिला असता.
काकांना सांगितलं, उद्या पाहुणे येणार, तिथे एकही पाचर दिसता कामा नये, नव्या टेबलाखाली लाकडं म्हणजे शोभा. ते बरं म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी नेहमीचंच, पण आज ऐकलं म्हणायचं.

२४ मार्च, सकाळी ६.४५
नवा शर्ट. घोडामैदान जवळच आहे. संध्याकाळी सविस्तर लिहीन.

२४ मार्च, दुपारी ४.२०
उद्या लिहीन.

२५ मार्च
आज रजा. तब्येत. प्रयोग तत्त्वतः यशस्वी झाला, हे आधी लिहून ठेवतो, कारण लोक काहीही बोलतात.
सुरुवात उत्तम. पाहुण्यांच्या खुर्च्या पेटीच्या उघड्या तोंडासमोर मांडल्या होत्या, म्हणजे आतलं नीट दिसावं. क्रेनची गरजच नाही हे कळावं म्हणून हूकही सोडायला लावला. वरच्या ताई हॉर्न वाजवू लागल्या. कार्यक्रमात व्यत्यय. मी चाक फिरवलं. दहा अंश, वीस, तीस. टाळ्या! टाळ्या खरंच झाल्या, याला सहा साक्षीदार आहेत.
मग मी सेफ्टीवर बोलायला लागलो. लॉकची पीन दाखवावी म्हणून टेबलाच्या खाली वाकलो आणि खालच्या फ्रेमवर डावा हात टेकला. तेवढ्यात पेटीच्या आत काहीतरी सरकलं. मोठं पोट गुडगुडावं तसा आवाज. आतला वाळलेला चिखल सगळा एका अंगाला आला, पीन तुटली आणि टेबल एकदम कोसळलं.
आणि थांबलं. कारण खाली पाचर होती! मी स्पष्ट बजावूनसुद्धा! मी पाहुण्यांशी बोलत असताना काकांनी गुपचूप सारली होती.
चिखल मात्र थांबला नाही. साहेब गुडघ्यापर्यंत. पाहुणे कमी उंचीचे, त्यामुळे जास्त.
निष्कर्ष: पाचर नसती तर टेबल पूर्ण फिरलं असतं आणि प्रयोग पुरा झाला असता. नाचता येईना अंगण वाकडं असं कोणी म्हणेल. पण इथे अंगण खरंच वाकडं होतं आणि ते काकांनी केलं होतं.

२७ मार्च
कामावर. कोणी काही बोललं नाही. हे वाईट लक्षण की चांगलं? चांगलं.
काटा दुरुस्त करणारा येऊन गेला. काटा बरोबर आहे म्हणे. सहाशे किलो चिखल निघाला. घाणीला एवढं वजन असतं हे शाळेत कुठे शिकवतात? ताईंनी वरून विचारलं की पेटी स्वच्छ असती तर ती आपल्याकडे धुवायला कशाला आली असती? मी घड्याळ पाहिलं.
टेबल कोपऱ्यात हलवलंय. त्यावर ओले हातमोजे वाळत घालतात. तिरकं असल्यामुळे पाणी छान निथळतं, असं एकजण म्हणाला.
काकांविरुद्ध मेमो टाइप करतोय. विषय: आदेशाचा भंग. लेखी पुरावा हवा, म्हणून ती पाचर मागितली. काकांनी पुसून दिली. कशाला हवी तेही विचारलं नाही.

२९ मार्च, रविवार, सकाळी ११
मेमोसाठी पाचरीची मापं घ्यायला बसलो. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर पाचर, हातात पट्टी. मूळ उंची बारा सेंटिमीटर. आता सात. लाकूड चुरडून दाबलं गेलंय, पण फुटलेलं नाही.
मुलगी जवळ आली. विचारलं, बाबा, तेव्हा तुमचा हात कुठे होता? दाखवलं. पाचरीशेजारी हात ठेवला, तसाच, पालथा. तिने हातावर पट्टी आडवी धरली आणि पाचरीच्या दबलेल्या टोकाला टेकवली. हात आणि पट्टीच्या मधे दोन बोटं जागा उरली. पाचर नसती तर मधे काहीच उरलं नसतं. हातसुद्धा नाही.
हात काढता येईना. म्हणजे कोणी धरला नव्हता, पण काढता येईना. भीती वाटली. पाच दिवस उशिरा वाटली.
ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. पाचर बघितली, हात बघितला. माझा हात दोन्ही हातांत घेऊन उभी राहिली आणि मग रागाने सोडून आत गेली. मेमो फाडला.

२९ मार्च, दुपारी ३
काहीतरी करायला हवं म्हणून म्हटलं, चल, फ्रिज हलवतो. ती म्हणाली, तो दहा तारखेलाच हलवला. ती आणि मुलगी. मुलीने पाय सरकू नये म्हणून लाकडी पाट लावला, हिने तिरका केला, खालून एक सडलेला बटाटा आणि माझं पेन निघालं. दहा मिनिटं लागली. फ्रिजचा एक पाय मोडका होता, म्हणून त्याखाली काहीतरी जाड लावलंय.
वाकून बघितलं. मशीन डिझाइन, तिसरी आवृत्ती.
काकांची मनातल्या मनात माफी मागितली. तोंडी मागायला हवी.

३१ मार्च, संध्याकाळी ७
जुने फोरमन गेले. नवे फोरमन काका. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, दोन्ही हातांनी, आणि वाजवताना हातांकडेच बघत होतो.
नंतर काकांकडे गेलो. माफीचं भाषण तयार होतं, मधल्या भागासकट. पहिल्याच वाक्याला अडकलो, आणि दुसरंच विचारलं. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, की बोटं कशी गेली? ते म्हणाले, सव्विसाव्या वर्षी. पेटी रिकामी आहे असं कागदावर लिहिलं होतं. आपण कागद वाचला होता, पेटी नाही. मग डोक्यावरची टोपी सारखी करून म्हणाले, पुस्तक शोधत होतात ना, सापडलं का? म्हणजे सगळ्यांना माहीत होतं मी कोणावर संशय घेतला ते. हो म्हटलं. कुठे, ते नाही सांगितलं.
फोरमनांचा पहिला हुकूम मलाच. पन्नास पाचरी. स्वतः कापायच्या, आणि प्रत्येकीवर स्वतः उभं राहून बघायचं.
आज एकच झाली. वाकडी आहे, पण पहिली आहे. ती घरी आणली, म्हटलं फ्रिजखाली लावतो आणि पुस्तक काढतो. हिने फ्रिज तिरका धरला. मी पाचर घेऊन वाकलो. ही म्हणाली, अहो, आधी तो हात काढा तिथून.
काढला. पाचर पायाने सारली. पातळ निघाली. फ्रिज डुगडुगला.
पुस्तक परत लावलं.