दरवेळी वेगळं बोट

७ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
आत्याचे आशीर्वाद, नेहमीइतकेच. जास्तीचे हवे असतील तर पत्राचं उत्तर वेळेवर द्यावं लागतं.

फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर मी बोलते आणि तू हं हं करतेस. कोर्टात चौतीस वर्षं लघुलेखिका म्हणून काढली, तेव्हा एवढं कळतं की हं हं फायलीला लावता येत नाही.

तर वाच. गेल्या शनिवारी आमच्या इमारतीतल्या सात बायकांचा पत्त्यांचा डाव माझ्या घरी होता. रविवारी संध्याकाळपासून त्यातल्या सहा जणी पोट धरून बसल्या. जुलाब, उलट्या, ताप. तळमजल्यावरची शिंपीणबाई तर इस्पितळात आहे. तिचा ताप हटत नाही आणि डॉक्टर रोज नवं औषध लावून बघतो. सातवी मी. मी ठणठणीत. यावरून काय निघतं ते तुझ्यासारख्या जंतुवालीला सांगायला नको, तरी सांगते. कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडचे क्रीमचे बन सगळ्यांनी खाल्ले, मी नाही. गोड मला बंद आहे. त्या दिवशी सगळ्यांसाठी केलेलं स्वतःच्या हातचं कस्टर्डसुद्धा मी फक्त साखर बघण्यापुरतं चाखलं, आणि तेही बोटानं. तोंडातला चमचा तसाच भांड्यात घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी असलं शिकवलं नाही. मी बोट वापरते, दरवेळी वेगळं बोट.

आरोग्य खात्याकडे तक्रार दिली, तीन प्रतींत, एकही खाडाखोड नाही. काल दुकानाला सील लागलं. पंचवीस तारखेला सुनावणी आहे. परवाना कायमचा रद्द झाला पाहिजे.

त्या सहा जणींचे नमुने इस्पितळानं तुमच्याच प्रयोगशाळेत पाठवलेत असं कळलं. म्हणून कुरिअरनं माझाही पाठवते आहे. कॉफीच्या बरणीत आहे. बरणी तीनदा उकळली. निरोगी पोट कसं असतं ते तुमच्या लोकांना एकदा पाहू दे.

तुझ्या बापाला सांग, अंगठेदुखीचं कौतुक पुरे, दोन ओळी लिही.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. माझा आहे, तुझा तपासून कळव.
आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (साष्टांग खराच आहे. तुझी बरणी उघडली तेव्हा आम्ही चौघंही आडवे व्हायचे बाकी होतो.)

आत्या, अशी वस्तू कॉफीच्या बरणीत पाठवत नाहीत. पहारेकऱ्यानं ती भेटवस्तू समजून स्वागतकक्षातल्या टेबलावर ठेवली होती, कारण वरच्या चिठ्ठीवर तुझं अक्षर लग्नपत्रिकेसारखं. नियमाप्रमाणे ती टाकून द्यावी लागली. सोबत खरी नळी पाठवते आहे, झाकणाला जोडलेला चमचाही आतच आहे. कृपा करून उकळू नकोस.

तुझ्या मैत्रिणींबद्दल. सहाही जणींच्या पोटात एकच जंतू निघाला, साल्मोनेला. जातीचा मवाली आहे. आतड्याच्या पेशीला सुईसारखी नळी टोचतो आणि आपला माल आत सोडून तिला दार उघडायला लावतो. ती नळी बनवायची कृती त्याच्या जनुकांत लिहिलेलीच असते. ते आम्हाला नवीन नाही. नवीन हे, की नेहमीची दोन अँटिबायोटिक्स त्याच्यावर पाण्यासारखी वाहून जातात. तिसरं चालतं. ते आम्ही त्याच दिवशी इस्पितळाला कळवलं, आणि शिंपीणबाईंचा ताप आता उतरतो आहे.

पाववाल्याच्या दुकानातून घेतलेल्या नमुन्यांत मात्र काही सापडलं नाही. खातं म्हणतं, त्यानं आधीच सगळं धुऊन टाकलं असणार. म्हणजे सापडलं तरी तो दोषी आणि नाही सापडलं तरी तोच. तुझी तक्रार फारच चांगली टाइप झालेली दिसते.

एक विचारते, रागावू नकोस. गेल्या दोन-तीन महिन्यांत तुझं पोट बिघडलं होतं का? आणि काय घेतलंस?

बाबांचा अंगठा बरा आहे, पण ते तुला कळवू नकोस म्हणाले.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस, ही विनंती.
तुझी टिल्लू

१४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
आशीर्वाद. या वेळी मोजून दिले आहेत.

नळी भरून आजच पाठवली. उकळली नाही, हात मात्र शिवशिवत होते.

तुझ्या चौकशीबद्दल. हो, डिसेंबरात दोन दिवस पोट बिघडलं होतं. कुणाचं बिघडत नाही? तुझ्या बापाच्या दाढेसाठी आणलेल्या गोळ्यांतल्या सहा माझ्याकडे उरल्या होत्या. तीन घेतल्या, बरं वाटलं, तीन परत बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. औषधाच्या बाबतीत मी पहिल्यापासून काटकसरी आहे. डॉक्टरनं सात दिवसांच्या दिल्या की मी तीन दिवसांत बरी होते आणि चार दिवसांच्या पुढच्या खेपेला राहतात. अख्ख्या इमारतीला माझा डबा माहीत आहे. कुणाला कमी-जास्त वाटलं की माझ्याकडेच येतात. तू शिकलीस म्हणून तुझ्या घराण्याची अक्कल कमी होत नाही.

परवा पाववाला वर आला होता. आत ये म्हटलं नाही, तोही आला नाही. त्यानं एवढंच विचारलं, की त्या शनिवारी त्यानं दोन पराती बन विकले, चार गल्ल्यांत गेले, मग पोटं फक्त माझ्याच घरची कशी बिघडली. वडिलांपासून ती भट्टी आहे म्हणाला, आणि परवाना गेला तर पन्नाशीच्या माणसाला दुसऱ्याच्या भट्टीवर कोण उभं करणार. मी म्हटलं, जे काय असेल ते सुनावणीत सांगा. आणि दार लावून घेतलं. जरा जोरात लागलं. वारा होता.

त्याच्या शटरवर खात्याचा कागद चिकटवला आहे. त्यात दोन शब्द चुकीचे टाइप केलेत. जाता-येता डोळ्यांना टोचतात.

उत्तर लवकर दे. माया आहे, पण ती वाट बघत बसणारी नव्हे.
आत्या

२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं. शेवटी ठरवलं, तुला कोर्टासारखं सांगावं. आडपडदा तुलाच आवडत नाही.

तुझ्या नळीत तोच जंतू आहे.

तू आजारी नाहीस, कारण तुझ्या पोटाचं त्याच्याशी डिसेंबरातच भांडण होऊन मिटलं. तो मात्र भाडं न देता राहिला आहे. काहींच्या पोटात तो असा महिनोन् महिने राहतो, कुरकुर न करता. आम्ही सातही नमुन्यांतल्या जंतूंची पूर्ण जनुकं वाचली. एकेकात सुमारे अठ्ठेचाळीस लाख अक्षरं असतात. तुझ्यात आणि त्या सहा जणींच्यात फरक निघाला एका अक्षराचा, तोही एकीतच. तुला यंत्राची भाषा समजावून सांगायची गरज नाही. कार्बन घालून सहा प्रती काढल्या आणि एकीत एक अक्षर चुकलं, तर त्या सगळ्या कुठल्या कागदावरून निघाल्या हे तूच सांगशील. जंतू तारीख लिहून ठेवत नाहीत, पण डिसेंबर तुझा आहे.

आणि तो डबा. अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्यांनी दुबळे जंतू मरतात, निगरगट्ट उरतात. अशी तू वर्षानुवर्षं पोटातल्या साध्यासुध्या जंतूंना तालीम दिलीस. औषधाला दाद न देण्याची जनुकं एका छोट्या गोल कड्यावर असतात, आणि जंतू ते कडं शेजाऱ्याला देऊ शकतात, जात न विचारता. तुझ्या पोटातल्या एका निरुपद्रवी जंतूत तेच कडं आम्हाला सापडलं. बहुधा तिथूनच या मवाल्याच्या हाती शस्त्र आलं. पुढचं काम कस्टर्डानं केलं. दरवेळी वेगळं बोट म्हणजे दरवेळी नवी संधी, आत्या.

आता कठीण भाग. तुझा नमुना सरकारी नाही. तू पाठवलास आणि मी हौसेनं तपासला. तुझ्या सहीशिवाय तो कुठल्याही कागदावर येऊ शकत नाही, आणि मी तुझं नाव कुणालाही सांगणार नाही. पाववाल्याला सोडवू शकेल असा पुरावा मात्र तेवढा एकच आहे. संमतीचा कागद आणि आमचा अहवाल सोबत आहे. मी आग्रह करत नाही. बाबांनाही बोलले नाही.

औषध तुला नको. हा पाहुणा आपणहून जाईल. तीन नमुने लागोपाठ स्वच्छ येईपर्यंत दुसऱ्या कुणासाठी रांधू नकोस. डबा औषधवाल्याकडे नेऊन दे.

तू काहीही ठरवलंस तरी माझ्याकडचा लोभ तसाच राहील, हे लिहून देते. फायलीला लाव.
टिल्लू

२२ फेब्रुवारी

टिल्लू,

आशीर्वाद राखून ठेवले आहेत.

तुमचं यंत्र बिघडलं आहे. ज्या बाईची नखं सिस्टर दुसऱ्या मुलींना नमुना म्हणून दाखवत, तिच्या पोटात हे शक्य नाही. पुन्हा तपासा. नळ्यांची अदलाबदल झाली असेल. तुमच्याकडे पहारेकऱ्याला बरणी आणि भेटवस्तू यांतला फरक कळत नाही, यात सगळं आलं.

आज शिंपीणबाई घरी आली. चेहरा एवढासा झाला आहे. मी बघायला गेले तर म्हणाली, तुझ्या हातचं कस्टर्ड तेवढं पुन्हा कर, तोंडाला चव नाही. मी चपला घातल्या आणि परत आले.

आत्या

२६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
राखून ठेवलेले आणि आजचे असे दोन्ही आशीर्वाद एकदम घे.

सही केली. काल सकाळी कागद घेऊन स्वतःच सुनावणीला गेले. तीन नंबरच्या खोलीत एक अधिकारी, एक पंखा, आणि कोपऱ्यात यंत्रापुढे बसलेली एक मुलगी. अधिकारी म्हणाले, तक्रारदाराला बोलायची गरज नाही, तक्रार स्पष्ट आहे. मी म्हटलं, तक्रार स्पष्ट आहे आणि चुकीची आहे, माझी जबानी घ्या.

आणि टिल्लू, ती मुलगी काय हळू टाइप करते! दोन बोटांनी. आम्ही मिनिटाला दीडशे शब्द घ्यायचो. मला वाटलं होतं, एका दमात सांगावं, म्हणजे खोलीला कळायच्या आत संपेल. पण ती दर वाक्याला हात वर करून पुन्हा सांगा म्हणायची. कस्टर्डात बोट मी घातलं, हे मी चार वेळा सांगितलं. उरलेल्या गोळ्या मी ठेवल्या आणि वाटल्या, हे पाच वेळा. चौथ्या खेपेला मागच्या बाकावरून साक्षीला बोलावलेली शिंपीणबाई माझ्या आधी वाक्य पूर्ण करून मोकळी झाली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली. मला तिचा गळा धरावासा वाटला, आणि ती हसते आहे याचं बरंही वाटलं.

तुमचा अहवाल अधिकाऱ्यांनी दोनदा वाचला. एका अक्षराचा फरक, हे त्यांना पटेना. मी त्यांना कार्बन प्रतींचं उदाहरण दिलं. तुझं आहे म्हणून सांगितलं नाही. परवाना राहिला, सील काढायचा हुकूम झाला. वाचायला दिलेल्या हुकुमात मी तीन चुका सुधारून दिल्या.

बाहेर जिन्यावर पाववाला उभा होता. चौतीस वर्षांत माफीच्या जबान्या मी शेकडो घेतल्या, पण स्वतः देताना पहिला शब्दच सापडेना. शेवटी सरळ सांगितलं, की चूक माझी, आणि दार वाऱ्यानं लागलं नव्हतं. त्यानं शटरच्या किल्ल्या खिशात टाकल्या. मग म्हणाला, बाई, एकोणीस दिवस भट्टी थंड आहे. एकदम जाळ केला तर विटा तडकतात. हळूहळू तापवावी लागते, दोन-तीन दिवस तरी जातील. तोवर मला काही विचारू नका.

मी म्हटलं, शनिवारी येते. तो म्हणाला, या. पण दुकानाच्या फळीला हात लावायचा नाही, काय हवं ते रस्त्यावरूनच सांगायचं.

शनिवारी रस्त्यावर उभी राहीन.

तुझ्याकडचा लोभ फायलीला लावला आहे. माझा तुझ्याकडे पडून आहे, जपून वापर.
आत्या