इस्तोचा तिसरा उन्हाळा

मी, रोहित सहदेव हाडोळे, वय चोवीस वर्षे, धंदा कूलर दुरुस्ती, राहणार जुने शहर, अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने निळ्या शाईत लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. सकाळी ताप मोजला, नव्हता. माझ्यावर कोणी बळजबरी केलेली नाही. उलट सगळ्यांनी लिहू नको असेच सांगितले. शिक्षण अकरावीपर्यंत. शब्द अडला तिथे शब्दकोश पाहिला आहे. तरीही चूक राहिली असल्यास ती माझी समजावी, पण तिच्या आधारे कोणी अर्थ बदलू नये.

लिहिण्याचे कारण असे की, येत्या मंगळवारी, २१ एप्रिलला, अमरावतीच्या दवाखान्यात माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, शंभरातले अठ्ठ्याण्णव जण चालत घरी जातात. मी उरलेल्या दोघांबद्दल विचारले. ते हसले आणि पुढच्या पेशंटला बोलावले.

१. घर आईच्या नावावर आहे, म्हणून ते मी कोणाला देऊ शकत नाही. आई म्हणजे बेबीताई. भाजीबाजारात मेथी, पालक, सांभार (म्हणजे कोथिंबीर) विकते. वडील मी सातवीत असताना गेले. छपराच्या टिनांवर टाकलेली हिरवी जाळी मात्र माझी आहे. ती आईला. दर मार्चमध्ये ती ताणून बांधावी, नाहीतर दुपारी घरात बसवत नाही. बँकेत जे असेल तेही आईचे.

२. माझी अवजारे, म्हणजे पाने, पकडी, टेस्टर आणि मोटारीची तार गुंडाळायचे यंत्र, बंडूला द्यावीत. बंडू माझ्याबरोबर शेषरावकाकांच्या कूलरच्या दुकानात काम करतो. प्रत्येक डब्यावर मी चिठ्ठी लावली आहे. पंपाचे स्क्रू आणि पंख्याचे स्क्रू त्याने एकत्र करू नयेत. शिडी त्याला देत नाही. तिची तिसरी पायरी सैल आहे. ती मोडून टाकावी.

३. आता इस्तो. तो कोण हे कोर्टाला किंवा तलाठ्याला माहीत नसेल, म्हणून सविस्तर लिहितो.

मोबाईलवर 'मॉन्स्टर मुलूख' नावाचा खेळ आहे. त्यात दोनशे बारा प्राणी आहेत. पाण्याचे, झाडांचे, विजेचे, आगीचे. ते शोधायचे, पकडायचे, वाढवायचे. माझ्याकडे दोनशे बारा आहेत, आणि खेळातल्या वहीत प्रत्येकाची सगळी रूपे दिसतात. फक्त एक जागा काळी आहे. ती इस्तोच्या तिसऱ्या रूपाची. तिथे नुसती सावली आणि प्रश्नचिन्ह.

खेळात त्याचे नाव इंग्रजी आहे. आमच्याकडे विस्तवाला इस्तो म्हणतात, म्हणून मी ते ठेवले. मिळाला तेव्हा तो कोळसा होता. नुसता कोळसा, डोळेसुद्धा नव्हते. पुष्कळ लोकांकडे तो आहे आणि पुष्कळांकडे तो कोळसाच आहे. खेळाच्या माहितीत एवढेच लिहिलेले की, याला ऊन लागते, आणि याची रूपे तीन, उन्हाळेही तीन. कोणी मोबाईल चुलीजवळ ठेवून पाहिला, कोणी गाडीच्या टपावर. उपयोग नाही. खेळ मोबाईलचे तापमान मोजत नाही, आपण ज्या गावात उघड्यावर चालतो त्या गावाचे मोजतो.

मग अकोल्याइतके सोयीचे गाव कुठले? पण इथेच आमच्या लोकांची चूक झाली, माझीही. मे महिन्यात शहाणा माणूस पहाटे आणि संध्याकाळी फिरतो. दुपारी दारे-खिडक्या लावून कूलरसमोर पडतो. आम्ही सगळे इस्तोला सकाळी सहाला फिरवत होतो. शहर पंचेचाळीसवर आणि प्राणी कोळशाचा कोळसा.

४. श्री. रामरावसाहेब (नवीन वस्तीत बंगला, गच्चीवर दोन कूलर) यांच्याबद्दल. मे २०२४ मध्ये सलग सात दिवस दुपारचे कॉल आले. सातवा त्यांचा. मी गच्चीवर पंप उघडून बसलो होतो. त्यांनी रोजच्या सवयीने गच्चीचे दार आतून लावले आणि ते झोपले. मी दीड ते साडेतीन वरच होतो. टाकीच्या सावलीत ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसलो आणि मन लागावे म्हणून खेळ उघडला. अडीच वाजता पडद्यावर लाल बटन आले; ते दाबताच कोळशाला तडा गेला आणि आतून एक डोळा माझ्याकडे पाहू लागला, ते पहिले रूप.

अट तेव्हा कळली: पंचेचाळीसच्या वर, दुपारी एक ते चार, सलग सात दिवस. रामरावसाहेबांनी दार उघडल्यावर "तू अजून इथेच?" एवढेच विचारले. त्यांना मी माफ केले आहे. पाणी विचारले नाही, ते मात्र माफ केलेले नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात दुसरे रूप आले. आता तो मुंगसाएवढा आहे, कान पळसाच्या फुलासारखे, पाठीवर भेगा आणि भेगांत जाळ. यंदा तिसरा उन्हाळा. एक जरी उन्हाळा चुकला तरी तो परत कोळसा होतो.

५. काही लोक म्हणतात (त्यांत माझी आईही आहे) की उन्हात फिरून इस्तोपायी माझे हृदय बिघडले. हे खोटे आहे. लहानपणी सांधे दुखून ताप आला होता, त्याने झडप खराब झाली. डॉक्टरांनी तसे कागदावर लिहिले आहे आणि कागद फाईलमध्ये आहे. माझ्यामागे इस्तोवर राग काढून कोणी मोबाईल फोडू नये.

६. डॉक्टरांनी मला हा पूर्ण उन्हाळा सावलीत काढायला सांगितले आहे. म्हणजे जिवंत राहिलो तरी इस्तोला मी फिरवू शकत नाही. कोणाला सांगावे यावर मी नऊ दिवस विचार केला. पंचेचाळीस अंशांत माणसाला नुसते फिरायला पाठवणे मला बरोबर वाटत नाही. आईला रक्तदाब आहे. बंडूला ऊन बाधते.

काल अंकुर शेजारी पार्सल द्यायला आला. अंकुर माझ्या शाळेतला, आता गाडीवरून पार्सले पोचवतो. सात दिवसांची अट मी त्याला विश्वासाने सांगितली होती आणि त्याने तिचा व्हिडिओ स्वतःच्या नावाने टाकला. चाळीस हजार लोकांनी पाहिला. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतेच बोलतो. त्याने खिडकीतून पाहिले.

"काय लिहून राह्यला बे?"

"मृत्युपत्र."

"कोनाचं?"

"मायं."

त्याने हेल्मेट काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवले. मग म्हणाला, "मंग इस्तो कोनाले?"

"तुले नाई."

"नको देऊ. पन एक ते चार उनात मीच असतो ना बे. तुया मोबाईल डिक्कीत पडला तं मायं काय जाते?"

"डिक्कीत नाई. बॅटरी फुगते. खिशात."

"बरं, खिशात."

"आन तो व्हिडिओ?"

"तो नाई काढत. तुयं नाव टाकतो त्याच्याखाली."

"आडनावासकट."

"आडनावासकट, बापा. ऑपरेशनले चालला का निवडनुकीले?"

त्यामुळे इस्तोला सात दिवस फिरवण्याचे काम मी अंकुरला देतो. फक्त काम, मालकी नाही. अटी: कानांवर ओला दुपट्टा, खिशात कांदा, दर तासाला ताक किंवा पाणी. डोके गरगरले तर ताबडतोब सावलीत बसावे, मग सहावा दिवस का असेना. इस्तोपेक्षा अंकुर महत्त्वाचा आहे. हे वाक्य लिहायला मला वेळ लागला. (व्हिडिओखाली माझे नाव हे लिहीपर्यंत आलेले नाही.)

७. सातवा दिवस पुरा झाला की पडद्यावर लाल गोल बटन येते. ते दाबल्याशिवाय रूप बदलत नाही. बदल एकदाच, मिनिटभरात होतो. बटन १५ जूनपर्यंत राहते.

मी जिवंत असल्यास ते कोणीही दाबू नये. मी दाबीन.

काय निघेल, यावर आमच्याकडे पुष्कळ बोलणे झाले आहे. बंडू म्हणतो पंख. शेषरावकाका म्हणतात घोडा. अंकुर म्हणतो, जळून जळून राखच उरणार, खेळवाले आपल्याला येड्यात काढत आहेत. मी रोज पाहतो, म्हणून मला वेगळे वाटते. महिनाभरात त्याच्या जाळाच्या कडा निळ्या झाल्या आहेत. पूर्वी पाऊल उचलले की खालून धूर निघायचा, आता निघत नाही. मला वाटते तो मोठा होणार नाही. लहान होईल, आणि सगळा जाळ आत जाईल. पण हा अंदाज आहे, आणि अंदाज चुकावा असेही मला वाटते.

मी नसल्यास बटन दाबण्याचा हक्क आईला देतो. तिने हा खेळ कधी हातात घेतलेला नाही. पण एकदा माझ्या खांद्यावरून पाहत ती म्हणाली, "हा सोताच्या अंगानं पोयत नसन का रे?" इतकी वर्षे खेळून मला हा प्रश्न पडला नव्हता. मग मी नीट पाहिले. तो बसताना शेपूट अंगापासून दूर धरतो. झोपतानाही. म्हणजे पोळत असणार. ज्याने हे पाहिले त्याने पुढचे पाहावे, असे माझे मत.

८. पुरवणी. वरील मजकूर आज सकाळी साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. आई मेथी निवडत होती. सातवे कलम संपताच तिने जुडी खाली ठेवली. मग जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

आई: "मी नाई दाबत."

मी: "आई, पंधरा जूनच्या अंदर नाई दाबलं तं त्याचा परत कोयसा होते."

आई: "होऊ दे."

मी: "तीन उन्हाये वाया गेले ना मंग."

आई: "मंग आनखी तीन घे. तुले कोन्ती घाई हाय? त्याच्यातून काय निंगते ते मले नाई पाह्याचं. तुले पाह्याचं हाय. तं तू पाह्य."

शेषरावकाका: "बेबीताई, कागदावर कोनाचं तरी नाव लागते."

आई: "मायं नाव नोका टाकू त्याच्यावर. सांगून ठेवतो."

आणि ती निवडलेली मेथी घेऊन आत गेली. दुसऱ्या साक्षीदार, शेजारच्या आरतीताई म्हणाल्या की वारस नाही म्हणतो आहे, तर दुसऱ्याचे नाव घाल, बंडूचे घाल. मी पेन उचलले.

मी बंडूचे नाव घातले नाही. सातव्या कलमातला आईचा हक्क रद्द करतो. अंकुरने सात दिवस पुरे करून मोबाईल आईकडे द्यावा. आईने तो कपाटात, चार्जर लावून ठेवावा. १५ जूनच्या आत मी येऊन बटन दाबीन. मी न आल्यास काय करावे, ते या मृत्युपत्रात लिहिलेले नाही. ते विसरून राहिलेले नाही.

बाकी सर्व कलमे कायम. प्रत्येक पानावर सही केली आहे. खाडाखोड दोन ठिकाणी, दोन्हींवर सही आहे.

(सही) रोहित सहदेव हाडोळे

आमच्यासमोर रोहितने हे वाचले, समजून सही केली, आणि आम्ही त्याच्यासमोर सही केली. आम्हां दोघांना यातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) शेषराव, कूलर दुकानदार, अकोला
साक्षीदार २: (सही) आरती, शेजारीण, अंगणवाडी सेविका, जुने शहर, अकोला

ठिकाण: अकोला
दिनांक: १७ एप्रिल २०२६, शुक्रवार, सकाळी अकरा. आजचे तापमान बेचाळीस.